चौथ्या बाजूचा टोमॅटो

आमची वस्ती गावापासनं लांब, मळ्यात हाय. कुंडलकडनं येणारा रस्ता कालव्यापाशी वळतो, तिथनं आमचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. आता दिसत न्हाई. घराच्या तीन बाजूंनी ऊस पहिल्यापासनंच हाय. चौथ्या बाजूला, दारापुढं, आईचा टोमॅटो असायचा. ती चौथी बाजू गेली कशी, एवढंच मला सांगायचंय.

आई आटपाडीकडची. तिच्या माहेरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. तिथं दारात उभं राह्यलं की पार माळ सरंपर्यंत दिसतंय. कोण पाव्हणा येतोय, कसा चालतोय, रागात हाय का उपाशी हाय, हे तो दारात यायच्या आधीच कळायचं म्हणं. पाणी नसंल, पण बघायला लय. लग्न होऊन हिकडं आली तर पाणीच पाणी, आन् बघायला फक्त ऊस. ऊस गुडघ्याएवढा असतोय तवर ठीक हाय. डोक्याच्या वर गेला की घर आडात ठेवल्यागत होतंय. वारं येतं ते वरच्या वर जातंय. एष्टी गेली का न्हाई, रस्त्यानं भांडण चाललंय का वरात, कशाचा पत्ता लागत न्हाई. आई त्याला आंधळं रान म्हणायची.

म्हणून दारापुढचा तुकडा तिनं कवाच उसाला दिला न्हाई. टोमॅटो तारेवर चढवला तरी छातीच्या वर जात न्हाई. त्याच्या डोक्यावरनं रस्ता दिसायचा, कालवा दिसायचा, आन् आभाळ निवळलं की लांबचा डोंगर. फुटवे काढता काढता आई मधनंच कमरेवर हात ठेवून उभी राहायची आन् नुसती बघायची. मी विचारायचो, “काय दिसतंय गं?” ती म्हणायची, “कायच न्हाई. पण दिसतंय.”

माझं वडील, आबा, फौजेत हुतं. रिटायर होऊन आलं ते थेट उसातच शिरलं. आबांचा आवाज काढायला लय सोपा. खालच्या ओठात तंबाखूचा बार धरल्यागत ओठ फुगवायचा, छाती काढायची, आन् अर्धं हिंदी अर्धं मराठी ठोकायचं. “अरे जवान, मोटर चालू किया क्या, का झोपलास रं?” मी कोरेगावला मावशीकडं शाळेला हुतो तवापासनं आवाज काढतोय. मास्तर, कंडक्टर, बाजारातला लिलाववाला, मावशीची सासू. शाळेत बाकी काय उजेड पडला न्हाई, पण गॅदरिंगला पोरं माझ्या नावानं वरडायची.

घरी आलो की आई चुलीपाशी बसून विचारायची, “आज कोण आणलंयस?” पिशवीतनं भाजी आणावी तसा मी माणूस आणतो, असं तिचं म्हणणं. मग मी एकेकाला बाहेर काढायचो आन् ती पदर तोंडात धरून हसायची. तिचा आवाज तेवढा मला कवा जमला न्हाई. ती म्हणायची, “माझ्यात काढण्यासारखं काय हाय?”

ती चौथी बाजू गेली त्याच्या आदल्या हंगामात आई टोमॅटोत पडली. आदल्या दिवशी फवारणी झालेली. सकाळी ती तोडायला सरीत शिरली. पानं ओली, वास तसाच दाटलेला. मी क्रेट घेऊन मागनं गेलो तर सरीत फक्त तिची पाटी दिसली. मला वाटलं, बसली आसंल. जवळ गेलो तर तोंडाला फेस आन् छातीचा भाता चाललेला. आबांनी तिला उचलली आन् भाड्याच्या जीपमध्ये घालून सांगलीला नेली. वाचली. पण तवापासनं औषधाची बाटली घरात आली तरी तिची छाती भरायची. शेजारच्या मळ्यात पंप सुरू झाला की ती दारं लावून आत बसायची. डॉक्टरांनी सांगितलंच हुतं, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काय राहायचं न्हाई.

आबांनी घरी आल्यावर निकाल दिला. “टोमॅटो बंद. तिथं बी ऊस लावू.”

“आन् मी काय करू?” आई म्हणाली.

“आराम कर. उसाला तुजी गरज न्हाई.”

वाईट मनानं न्हाई बोललं ते. फौजेत कुणाला सिक लीव्ह द्यावी, तसं बोललं. पण मी आईचं तोंड बघितलं. ती दाराकडं बघत हुती, आन् दारातनं टोमॅटोच्या वाळलेल्या काठ्या आन् त्याच्या पल्याड रस्ता दिसत हुता.

मग एका सकाळी आबांच्या पुढं चहा ठेवून म्हणाली, “आवं, एक हंगाम द्या मला. दुकानातलं ईख-औषध न मारता करून दावते. न्हाई आला तर लावा ऊस, मी तोंडातनं शब्द काढायची न्हाई.”

“झाडपाल्यानं कीड मरती व्हय?”

“मरू दे न्हाई तर पळू दे. आपल्याला काय तिचं मढं बघायचंय?”

आबांनी चहा संपवला, बशी पालथी घातली. “एक हंगाम,” म्हणालं, आन् उसाकडं गेलं.

मग सुरू झालं बघा. मोबाईलवर दशपर्णी अर्काचं व्हिडिओ बघून मी पाल्यांची नावं सांगायचो, आन् आई तिच्या हिशोबानं त्यात फेरफार करायची. तिचा हिशोब मेंढरावाल्याचा. “शेरडू हुंगून सोडून देतंय तो पाला घ्यायचा. त्याला कळतंय त्यात काय हाय ते.” मी आपला आमच्या शेळीला घेऊन बांधाबांधानं हिंडलो. कडुनिंब शेळीनं मटामटा खाल्ला, तरी आईनं तो घेतलाच. म्हणाली, “ही शेळी सदाशिव पेठेतली हाय, हिला काय कळतंय.” निरगुडी, करंज, सीताफळ, घाणेरी, एरंड, रुई, जे हाताला लागलं ते आणलं. सगळं ठेचून गोमूत्र आन् शेणाच्या पाण्यात ड्रममध्ये घातलं आन् लिंबाखाली महिनाभर कुजवत ठेवलं. सकाळ-सांज काठीनं हलवायचं. वास असा की पोस्टमन लांबनंच टपाल टाकून जायचा. पण तो वास आईच्या छातीला लागला न्हाई. ती ड्रमवर वाकून हलवायची आन् सुखानं श्वास घ्यायची. मला ते बघूनच बरं वाटायचं.

शेवग्याच्या कवळ्या पाल्याचा रस निराळा. तो पाट्यावर वाटून, जुन्या साडीतनं गाळून, पाण्यात मिसळून रोपांवर मारायचा, वाढीसाठी. पहिल्यांदा नीट गाळला न्हाई, पंपाचा नोझल चोंदला आन् मी तो तोंडानं फुंकून साफ करायला गेलो. हिरवं तोंड घेऊन घरी आलो तर आई म्हणाली, “तू बी जोमानं वाढशील आता.”

रोपं वाढली. खोटं न्हाई सांगत, जोरात वाढली. पानं काळीभोर हिरवी, फुटवे आवरंनात. तार ओढली, सुतळीनं बांधणी केली. आबा रोज संध्याकाळी उसातनं येताना बांधावर उभं राहायचं, तळहातावर तंबाखू मळत. आत पाऊल टाकायचं न्हाईत. नुसतं बघायचं आन् “हूं” म्हणायचं. कृषी केंद्राचा दुकानदार एकदा मुद्दाम बघायला आला. त्याचा आवाज मी आईला लगेच त्या दिवशी करून दावला, नाकातला: “वहिनी, पाला-बिला ठीक आहे, पण करपा आला की माझ्याकडंच यायचंय.” आई एवढी हसली की ठसका लागला. मी घाबरलो. ती म्हणाली, “आरं हा हसण्याचा हाय, भिऊ नगंस.”

फुलं लागली, आन् मावा आला, रस शोषणारी बारीक कीड. कवळ्या शेंड्याला खालनं चिकटलेला, हिरवा-काळा. आईनं दशपर्णी मारली, लसूण-मिरचीचं पाणी मारलं. कमी व्हायचा आन् परत यायचा. पानं चिकट झाली, मुंग्या चढल्या. आई पहाटं उठून एकेक शेंडा बोटांनी पुसत बसायची. मी म्हणालो, “आगं एवढी रोपं पुसतीस व्हय?” ती म्हणाली, “मग काय करू, उसात जाऊन बसू?”

ते आबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी गाडी काढून ते सांगलीकडं गेलं. त्यांच्या पलटणीतला एक दोस्त तंबाखूच्या वखारीवर राखण करतोय. संध्याकाळी आलं ते मागं एक पोतं बांधून. काडी, चुरा, पानांचा कचरा. अंगणात ओतलं तर सगळ्या घराला शिंका.

“ही काय अवकळा?” आई म्हणाली.

आबांनी छाती काढली. “तूच म्हणतीस न्हवं, शेरडू तोंड लावत न्हाई तो पाला घ्यायचा? तंबाखूला शेरडू तोंड लावतंय व्हय?”

तिच्याच नियमात बसत हुतं. आबा पुढं म्हणालं, “आन् हे ईख न्हवं. आमच्या आज्यापासनं खातोय आमी. मेलो का?”

“आज्जा गेला की तुमचा,” मी म्हणालो.

“तो म्हातारा होऊन गेला रं. तू गप.”

आईला ते सगळं लय आवडलं हुतं. तंबाखू न्हाई. बांधावर उभा राहणारा माणूस पोतं घेऊन आला हुता, ते. ती म्हणाली, “उकळू का?” आबा म्हणालं, “चहा हाय व्हय? उकळला की दम जातोय त्याचा. गार पाण्यात भिजवायचा.” एवढ्या वर्षांच्या लग्नात त्यांनी पहिल्यांदा मिळून काय तरी शिजवलं, आन् ते बी न शिजवता.

त्या दिवशी आई आन् मी फुटवे खुडले हुते. सगळ्या झाडांना ताज्या जखमा. दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः पंप पाठीला लावला. “तू लांब उभी राहा,” आईला म्हणालं. ती म्हणाली, “ह्या वासाला काय लांब राहायचं? लग्नापासनं तोच हुंगतीया.” तरी ते तिला बांधावर उभी करूनच आत गेलं. सरी सोडून सरी न्हाई, एकेक झाड, वरनं, खालनं, पानाच्या पाठीमागनं. परेड केल्यागत चालत हुतं. आई बांधावर आन् आबा सरीत, उलटं झालेलं. ती तिथनं वरडत हुती, “आवं, त्या कोपऱ्यातलं राह्यलं,” आन् हे म्हणत हुतं, “यस सर.”

मावा मेला. दोन-चार दिवसांत शेंडं साफ. आबांना पंख फुटलं. गावात जाऊन ज्याला त्याला सांगायला लागलं. रोज सांजसकाळ टोमॅटोत, उसाकडं लक्ष न्हाई. तंबाखू मळायची, ओठात धरायची, हात झटकायचं आन् फुटवे खुडायला, सुतळी बांधायला लागायचं. आई एका सरीत, हे दुसऱ्या सरीत. काय बोलायची ती मला कळायचं न्हाई, पण मधनंच दोघं बी उभी राहून रस्त्याकडं बघायची. आबा म्हणायचं, “ती बघ एष्टी.” जसं काय आयुष्यात एष्टी बघितली न्हाई.

मला वाटतं, आईच्या सगळ्या संसारातलं चांगलं म्हणावं असं तेवढंच. थोडंसंच टिकलं ते.

पहिल्यांदा शेंड्याची पानं बदलली. काळ्या हिरव्यात फिक्कट पिवळा, गोधडीला ठिगळं लावल्यागत. आई म्हणाली, “ऊन लागलं आसंल.” मग पानं बारीक व्हायला लागली, लांबट, दोऱ्यागत, टोमॅटोची वाटंचनात. झाडं खुंटली. ठिगळं एका सरीतनं दुसऱ्या सरीत, रांगेनं, जशी फवारणी केली तशी. आबा म्हणालं, मावा परत आलाय, दिसत न्हाई एवढंच. परत तंबाखू भिजवली, परत मारली. आईनं शेवग्याचा रस दिला, ताक मारलं, राखुंडी उधळली. जे फळ धरलं ते एका अंगानं लाल, एका अंगानं हिरवंट पिवळं, आन् कापलं की आत तपकिरी. आई ते फळ हातात धरून बसायची. फेकायची न्हाई. ठेवायची बी न्हाई.

कोरेगावच्या शाळेतला माझा एक दोस्त साताऱ्याकडं शेतकी कॉलेजात शिकत हुता. त्याला फोन केला. तो म्हणाला, पानं घेऊन ये, आमच्या एक मॅडम झाडांच्या रोगाच्याच हायेत. मी जेवणाच्या डब्यात पानं घातली आन् पहिल्या एष्टीनं गेलो.

मॅडमनी डबा उघडला, पान उजेडाकडं धरलं, आन् पहिला प्रश्न असा विचारला की मला हसूच आलं.

“घरात तंबाखू कोण खातं?”

मी म्हणालो, “मॅडम, कोण खात न्हाई ते विचारा, लवकर सांगता यील.”

त्या हसल्या न्हाईत. “शेतात काम करताना खातात? हात धुतात का?”

मग मी सगळं सांगितलं. पोतं, गार पाणी, खुडलेलं फुटवे, दुसऱ्या दिवशीची फवारणी. सांगता सांगता त्यांचा चेहरा बघून माझा आवाज बारीक होत गेला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अरे, तंबाखूच्या झाडाला एक विषाणू असतो,” त्या म्हणाल्या. “तो वाळलेल्या पानातही जिवंत राहतो. टोमॅटो त्याच जातकुळीतला. ताज्या जखमेवर तेच पाणी मारलंत, तर प्रत्येक झाडाला हातानं टोचल्यासारखं झालं.”

“मग आता काय मारायचं?”

“काही नाही. यावर औषध नाही. दुकानातलं नाही आणि पाल्याचंही नाही. झाडं उपटून जाळून टाका. तिथं इतक्यात टोमॅटो, मिरची, वांगं काही लावू नका. आणि हात साबणानं धुवा, चांगले कोपरापर्यंत.” जाताना त्या म्हणाल्या, “पाल्याच्या अर्कात चूक नव्हती रे. तो चांगला चालला होता, पानांवरनं दिसतंय.”

हे शेवटचं बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. एष्टीत मी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलो आन् आबांना हे कसं सांगायचं, कुणाच्या आवाजात सांगायचं, तेच घोळवत राह्यलो.

दिवेलागणीला घरी पोचलो. आबा मोटर बघायला गेलेलं. आई चुलीपाशी भाकरी थापत हुती. माझ्या तोंडाकडं बघून तिनं वळखलं, तरी विचारलं, “आज कोण आणलंयस?”

मी तिला मॅडम आणली. चष्मा काढून ठेवला, पान उजेडाला धरलं, आन् शुद्ध भाषेत, हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, “घरात तंबाखू कोण खातं?” ते एकच वाक्य हसण्यासारखं हुतं, म्हणून तिथनं सुरवात केली. आई खरंच हसली. मग मी थांबलो न्हाई. माझ्या आवाजात मला ते सांगता आलं नसतं. मॅडमच्याच आवाजात विषाणू सांगितला, ताजी जखम सांगितली, गार पाणी सांगितलं, हातानं टोचल्यासारखं सांगितलं. उपटून जाळा सांगितलं. पाल्याच्या अर्कात चूक नव्हती रे, ते बी सांगितलं.

तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती उलटली न्हाई. 

“त्यांना सांगू नगंस,” ती म्हणाली.

“आगं पण लोक म्हणतील तुज्या पाल्यानंच...”

“म्हणू दे. तो माणूस एकदाच माझ्या रानात आला. त्याला हे सांगू नगंस.”

तवर बाहेर आबांच्या चपला वाजल्या. आत आलं, पाट घेतला, जेवायला बसलं. करपलेली भाकरी त्यांनीच उचलली आन् खाल्ली. मॅडम काय म्हणाल्या, विचारलं न्हाई. मीच म्हणालो, “रोग हाय म्हणत्यात. उपटायला सांगितलंय.” आबा म्हणालं, “हूं.”

दुसऱ्या दिवसापासनं आबांनी झाडं उपटली. आईला हात लावू दिला न्हाई, मला बी बाजूला सारलं. एकट्यानं सगळी उपटली, सुतळी तोडली, काठ्या काढल्या, ढीग केला आन् पेटवला. ओला पाला, धूर लय झाला. तो वस्तीवरच बसून राह्यला. आई दारं लावून आत बसली, परत.

गावात चर्चा झालीच. कृषी केंद्राच्या बाकड्यावर एक जण आबांना म्हणाला, “काय हो, वहिनींनी टोमॅटोला काढा पाजला म्हणं, टोमॅटोच गेला?” सगळी खिदळली. आधीचं आबा असतं तर त्यांच्यात मिळून हसलं असतं, न्हाई तर त्याची आई-बहीण काढली असती. ते नुसतं म्हणालं, “पाल्याचं काय चुकलं न्हाई. आमचंच चुकलं,” आन् गाडीला किक मारून आलं. मी मागं बसलेलो. मला वाटलं, बायकोची बाजू घेत्यात. बरं वाटलं मला.

घरी आल्यावर आबा आईला म्हणालं, “भुईमूग टाकायचा का दारापुढं? बुटका असतोय. रस्ता दिसंल.” 

आई सुपात तांदूळ निवडत हुती. मान वर केली न्हाई. “न्हाई. बोलले ते बोलले. ऊसच लावा.”

“आगं पण—”

“लावा. उसाला कुणाची गरज लागत न्हाई.”

आबा दारात उभं राह्यलं, खिशात हात घालून. मग गेलं. ऊस लावला.

मला अजून बी वाटतं, त्या दिवशी दोघांतलं एक जण जरी थांबलं असतं तर भुईमूग आला असता. पण ती त्यांना वाचवत हुती आन् ते काय करत हुतं ते मला ठावंच नव्हतं.

उसानं पहिल्यांदा कालवा घेतला. मग रस्त्याचं डांबर घेतलं, एष्टीचा टप तेवढा सरकताना दिसायचा. मग तो बी गेला. शेवटी डोंगर. आई उंबऱ्यावर बसायची आन् पुढं पात्यांची भिंत. मी आवाज काढायचो. कंडक्टर आणला, लिलाववाला आणला, नवा सरपंच आणला. ती “हां” म्हणायची. एकदा मी तिला म्हणालो, “विचार की, आज कोण आणलंयस.” ती म्हणाली, “कुठनं आणणार? दिसतंय व्हय काय?” त्यानंतर मी आणायचं बंद केलं. बाहेर, दोस्तांत, लग्नात अजून काढतो, लोक हसत्यात. घरी काढत न्हाई.

ड्रम लिंबाखाली तसाच पडून हुता. त्याच्या बुडाला, ओलीत, एक टोमॅटोचं रोप आपसूक उगवलं. आईनं बघितलं हुतं. पाणी बी घातलं न्हाई, उपटलं बी न्हाई. त्याला वळसा घालून धुणं वाळत घालायला जायची.

एका सकाळी मी दात घासत मोरीपाशी उभा हुतो. आबा आलं, साबण घेतला आन् हात धुवायला लागलं. बोटांच्या बेचक्यांतनं, नखांतनं, मनगटावरनं, पार कोपरापर्यंत. परत साबण लावला, परत धुतलं. त्यांच्या सदऱ्याचा खिसा सपाट हुता. तंबाखूची पिशवी नव्हती. मग त्यांनी एक काठी आन् नवी सुतळी घेतली आन् त्या रोपापाशी उकिडवं बसलं.

मी म्हणालो, “काय आबा, आपरेशन हाय काय?”

त्यांनी वर बघितलं न्हाई. काठी रोवत म्हणालं, “त्या मॅडमचा आवाज चांगला काढतूस तू.”

माझ्या तोंडात फेस तसाच राह्यला. 

आई दारात उभी हुती. तिनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं न्हाई, त्यांच्याकडं बी न्हाई. चालत ड्रमापाशी आली, वाकली आन् रोपाच्या शेंड्याचं पान बोटानं वर केलं. मी तिच्या खांद्यावरनं बघितलं. हिरव्यात फिक्कट पिवळं, ठिगळ लावल्यागत.

आबांची नजर सुतळीवर हुती. “बरं बांधलंय का?” त्यांनी विचारलं.

“बरं बांधलंय,” आई म्हणाली.

ती मोरीपाशी गेली. पाण्याचा आवाज आला, साबणाची वडी भांड्यात ठेवल्याचा आवाज आला, परत पाण्याचा. लय वेळ ती हात धूत हुती. आबा त्या रोपाजवळ तसंच बसून, गाठ मारलेली सुतळी धरून, ते ऐकत राह्यलं.